जळक्या मोटारींची वही

वाचकाचं पत्र:

सर, नमस्कार. मी माण तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला ९३ पर्सेंटाइल आहेत, फिजिक्सला जास्त, केमिस्ट्रीला कमी. आता इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा आहे आणि घरात रोज नवीन मत निघतंय. पुण्याचे मामा म्हणतात, कॉम्प्युटर सोडून काही भरू नकोस, कॉलेज कुठलंही चालेल. क्लासचे सर म्हणतात, तू अबोल आहेस, तुला कॉम्प्युटरच बरं, कोणाशी बोलावं लागत नाही. बाबांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. ते म्हणतात, इलेक्ट्रिकल घे, निदान आपल्याला त्यातलं कळतं. मैत्रिणीने सांगितलं म्हणून मोबाइलवर पर्सनॅलिटी टेस्ट दिली, तर मी अंतर्मुख निघाले आणि मला समुपदेशक व्हायला सांगितलं. आठ दिवसांनी परत दिली तर वेगळंच आलं.

मला भूगोल आवडायचा, पण तो दहावीनंतर सुटला. मॅथ्स जमतं, पण आवडतं असं नाही. कॉम्प्युटरमधलं काहीच माहीत नाही, घरी लॅपटॉप नाही. आठवीपासून दुकानाची वही मी लिहिते. कोणाची मोटार, गाव कुठलं, बिघाड काय, पैसे किती. त्यात एक गंमत आहे. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ठरावीक तीन-चार गावांच्याच मोटारी जळून येतात, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एकही येत नाही. ते असो. माझ्या स्वभावाला आणि कुवतीला कुठली शाखा बरी, एवढंच विचारायचं होतं. चुकले तर चार वर्षं वाया जातील अशी भीती वाटते. कृपया नाव छापू नका.

उत्तर:

नाव छापत नाही. तुला वहीवाली म्हणतो, चालेल ना?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शाखेबद्दल जे काही लिहिलंयस त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी आहे. मामांचं, सरांचं, बाबांचं, मोबाइलचं. तुझी स्वतःची म्हणावीत अशी वाक्यं दोन-तीनच, आणि ती वहीबद्दलची. त्यांच्यापुढे 'ते असो' लिहून तू मोकळी झालीस. मी ३३ वर्षं तालुक्याच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं आणि दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसलो. मुलं 'ते असो' म्हणतात, त्याच्या आधी काय म्हणाली होती ते नीट ऐकायचं, एवढं एक त्या टेबलावर शिकलो.

आधी ते ९३ बाजूला ठेवू. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे तुला माहीत असेलच. बाबा दुकानात गिऱ्हाइकाला 'पोरीला त्र्याण्णव टक्के पडले' म्हणत असतील तर म्हणू देत, त्यांचा आनंद कशाला मोडायचा? पण तू समजून घे. परीक्षेला बसलेल्या शंभरातले ९३ तुझ्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. तुला काय जमेल याबद्दल तो फार थोडं बोलतो. सीईटीत गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत अंदाजाने टिचकी मारलेली उत्तरंही त्या ९३ मध्ये बसलेली असू शकतात.

आता ती टेस्ट. मोबाइलवर फिरणाऱ्या अशा बहुतेक चाचण्यांचं मूळ अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींच्या प्रश्नावलीत आहे. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. माणसांचे १६ प्रकार त्यांनी पाडले. आठ दिवसांत तुझा प्रकार बदलला, त्यात तुझा दोष नाही. समज, तालुक्यातल्या सगळ्यांची उंची मोजली आणि साडेपाच फुटांच्या वर तो उंच, खाली तो बुटका असे दोनच कप्पे केले. बहुतेक माणसं त्या रेषेच्या आसपासच उभी असणार. चपला घातल्या तर उंच, काढल्या तर बुटका. अंतर्मुख-बहिर्मुखचंही तसंच आहे. पहिल्यांदा तू चपला घालून बसली होतीस, दुसऱ्यांदा काढून.

त्यापेक्षा जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेली कल्पना मला कामाची वाटते. तो माणसाला 'तू कसा आहेस' असं विचारत बसत नाही, 'कुठलं काम करायला तुला बरं वाटतं' असं विचारतो. हाताने काही घडवणं, शोध घेणं, कलाकुसर, माणसांना मदत, पुढाकार घेऊन लोकांकडून काम करवून घेणं, आणि नोंदी-हिशेब नीट ठेवणं असे सहा गट आहेत. प्रत्येकात दोन-तीन मिसळलेले असतात. तुझ्या पत्रावरून मला तुझ्यात शोध आणि नोंदी हे दोन दिसतात, पण पाच ओळींवरून माणूस ओळखायचा म्हणजे मीही त्या मोबाइलसारखाच वागलो. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची सरकारी कलचाचणी व्हायची, ती तुझ्या वाट्याला आली नाही. रीतसर क्षमता चाचणी द्यायची असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत देता येते. बुद्धीच्या वेगवेगळ्या क्षमता तिथे बसवून मोजतात. जमलं तर दे. नाही जमलं तरी अडत नाही, कारण तुझ्याकडे आठवीपासूनची वही आहे. कुठल्याही चाचणीपेक्षा जुना पुरावा आहे तो.

मी स्वतः कसा चुकलो ते थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं आली १९८३ पासून. माझी बारावी त्याच्या आधीची. जागा थोड्या, मला मार्क बरे पडले, मेकॅनिकलला नंबर लागला. ती जागा सोडणं म्हणजे ताटावरून उठण्यासारखं होतं. पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगने माझं पाणी जोखलं. सर हातात लाकडी ठोकळा द्यायचे आणि म्हणायचे, वरून कसा दिसतो काढ, समोरून कसा दिसतो काढ, बाजूने काढ. मी ठोकळा फिरवत बसायचो. शेजारच्या पोराला तीन चित्रं दिसायची, मला ठोकळाच दिसायचा. मग रात्री होस्टेलवर जीटी. तुला हा शब्द लवकरच कळेल, आत्ताच सांगून ठेवतो. टेबलावर काच टेकवायची, खाली दिवा लावायचा, मित्राची शीट तळाशी, आपली वर, आणि खालच्या रेघा गिरवायच्या. ग्लास ट्रेसिंग. काच तापायची, घाम शीटवर पडायचा, पेन्सिल पसरायची. मी एका सेमिस्टरच्या सगळ्या शीट जीटी मारून दिल्या आणि परीक्षेत कोऱ्या कागदापुढे बसलो. वायडी झाली, म्हणजे वर्ष गेलं.

त्याच वर्षी मी होस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी होतो. रविवारी फीस्ट असायची आणि दर रविवारी एक तर श्रीखंड उरायचं नाही तर कमी पडायचं. मी तीन महिन्यांची हजेरी काढली. महिन्याच्या पहिल्या रविवारी पोरं गावाकडून पैसे घेऊन आलेली असतात, बाहेर जेवतात. शेवटच्या रविवारी खिसा रिकामा, म्हणून सगळी मेसमध्ये. परीक्षेच्या आधी तर पाहुणेही आणत नाहीत. त्या हिशेबाने श्रीखंड मागवायला लागलो आणि वाया जाणं जवळजवळ थांबलं. ही आकडेमोड करताना रात्रीचे दोन वाजायचे ते कळायचं नाही. शीट काढताना मात्र नऊलाच झोप यायची. एवढं ढळढळीत समोर असून मला दिसलं नाही, कारण मेसचा हिशेब हा 'विषय' असू शकतो हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी बी.एस्सी.ला गेलो. वडील चार महिने बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात मनीऑर्डरीच्या फॉर्मवर एक ओळ आली, 'अभ्यास कर.'

म्हणून तुझी वही मला सोडवत नाही. ती वही पाच वेगवेगळ्या विभागांतल्या माणसांपुढे उघडली तर काय होईल, बघ.

इलेक्ट्रिकलचा माणूस म्हणेल, मार्च-एप्रिलमध्ये सगळ्या शिवारात मोटारी एकदम चालू असतात. लाइनवर लोड येतो, व्होल्टेज पडतं, मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापून जळतं. किंवा तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर कण्हत राहिली. त्या तीन-चार गावांचा ट्रान्सफॉर्मर एकच आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न. बाबांनाही हाच पडत असणार.

भूगर्भशास्त्राचा माणूस ट्रान्सफॉर्मरकडे बघणारही नाही. सबमर्सिबल मोटार भोवतालच्या पाण्याने थंड राहते. पाणी खाली गेलं की ती कोरडी फिरते आणि जळते. मग तो विचारेल, त्या गावांत पाणी इतक्या लवकर का उतरतं? महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याची. थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, तो भाग झिजतो, मऊ होतो आणि पाणी धरतो. मधला काळा पाषाण घट्ट. त्यात भेगा असतील तर पाणी, नाही तर ठणठणीत. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडची विहीर मेपर्यंत चालते आणि पलीकडची फेब्रुवारीतच तळ दाखवते. हे गावातल्या पाणाड्याच्या नारळाला कळत नाही, पण थरांचा नकाशा काढणाऱ्याला बऱ्यापैकी कळतं. ओढ्यापलीकडची वस्ती हे वाचून त्याचे कान टवकारतील.

सिव्हिलवाला म्हणेल, कारण काही का असेना, पाणी मुरवायचं कुठे आणि बंधारा घालायचा कुठे ते सांगा. कॉम्प्युटरवाला म्हणेल, ही वही मोबाइलवर आणू, मोटार आली की नोंद, गावानुसार नकाशा आपोआप तयार. आणि माझ्यासारखा स्टॅटिस्टिक्सचा माणूस वही हातात घेऊन आधी विचारेल, की यात कोण नाही? तिकडे शेवटी येतो.

पाचही प्रश्न खरे आहेत, पाचही शिकवले जातात आणि पाचांवरही पोट भरतं. तुला विचारायचं ते इतकंच की 'ते असो' लिहिताना यातला कुठला प्रश्न तुझ्या डोक्यात होता. आवडता विषय कुठला, या प्रश्नाला मुलं आवडत्या मास्तरांचं नाव सांगतात. कुठला प्रश्न डोक्यातून जात नाही, याचं उत्तर सहसा खरं येतं.

पण प्रश्न आवडला म्हणून शाखा घ्यायची नसते. प्रत्येक विषयाची आपली हमाली असते, आणि कॉलेजातला बहुतेक वेळ त्या हमालीतच जातो. माहितीपत्रकात ती कोणी छापत नाही. कॉम्प्युटरची हमाली म्हणजे चालत नसलेला प्रोग्राम. काल चालत होता, आज नाही, आणि तीन तासांनी सापडतं की एका ठिकाणी नाव लिहिताना एक अक्षर चुकलं होतं. काहींना हे सापडल्यावर सिनेमा बघितल्यासारखं वाटतं, काहींना भिंतीवर डोकं आपटावंसं. इलेक्ट्रिकलमध्ये बाबांच्या हातातली मोटार कमी आणि कागदावरची जास्त. फेजर आकृत्या, काल्पनिक संख्या, समीकरणं. तांब्याची तार गुंडाळता येते म्हणून हे सोपं जाईल असं नाही, हे बाबांनाही सांग. सिव्हिलला पहिल्याच वर्षा-दोन वर्षांत उन्हात सर्व्हेइंग, एकाने स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी धरायची आणि एकाने रीडिंग घ्यायचं, मग लागणाऱ्या मालाची क्वांटिटी काढत बसायचं.

भूगर्भशास्त्राची हमाली मी जवळून पाहिली आहे, आमच्या स्टाफरूमला लागूनच त्यांची लॅब होती. दगडाची चकती कापायची, काचपट्टीला चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या भुकटीत पाणी घालून दुसऱ्या काचेवर घासत राहायची. गोल गोल, हलक्या बोटांनी. दगडाची जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणायची असते. तेव्हा काळाकुट्ट बेसॉल्टसुद्धा पारदर्शक होतो आणि मायक्रोस्कोपखाली रंगीत काचांच्या खिडकीसारखा दिसतो. पण दोन फेरे जास्त झाले की दगड संपला, हातात नुसती काच. पुन्हा पहिल्यापासून. एक मुलगी एका दुपारी तीन वेळा दगड संपवून बसली होती. मी म्हटलं, घरी जा आता. ती म्हणाली, सर, चौथा होणार. अशा मुलीला कुठल्याही टेस्टने सांगायची गरज नव्हती. त्याच वर्गातला एक हुशार मुलगा दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघायचा. मार्क त्यालाच जास्त पडायचे. पुढे त्याने बँकेची परीक्षा दिली आणि तिथे तो सुखी आहे.

आता अबोलपणाबद्दल, कारण ते तुला जास्त टोचलंय असं वाटतं. कोणाशी बोलावं लागत नाही असं काम मी अजून पाहिलेलं नाही. दीपगृहाचा रखवालदार म्हणावा, तर तिथेही आता दिवे आपोआप लागतात. मामांना विचार, सॉफ्टवेअर कंपनीत रोज सकाळी उभं राहून काल काय केलं ते सगळ्यांपुढे सांगावं लागतं की नाही. अमेरिकेच्या क्लायंटशी रात्री फोन असतात की नाही. अबोल माणूस तिथे चालत नाही असं नाही, पण लपायला जागा म्हणून जाशील तर फसशील. आणि मला सांग, दुकानात मोटार आली की बाबा पाना शोधत असताना शेतकऱ्याशी कोण बोलतं? बंद पडायच्या आधी आवाज आला का, लाइट कमी-जास्त होत होती का, विहिरीत पाणी किती होतं, हे विचारल्याशिवाय 'बिघाड काय' हा रकाना भरत नाही. शंभर जणांपुढे भाषण ठोकणं वेगळं आणि एका माणसाला नेमका प्रश्न विचारून गप्प बसून उत्तर ऐकणं वेगळं. दुसरं तुला येतं. पाण्यावर काम करणाऱ्या माणसाला दुसरंच लागतं.

फॉर्मची मुदत असेल, म्हणून मोठे उपाय सांगत नाही. चार-पाच दिवसांत तीन गोष्टी कर. एका दुपारी वहीतली मागची पाच वर्षं घे आणि कागदावर तक्ता काढ, आडवे महिने, उभी गावं. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी लॅपटॉप माग, नाही तर मोबाइलच्या ब्राउझरवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा उघड आणि तोच तक्ता दहा ओळींच्या प्रोग्रामने काढायचा प्रयत्न कर. अडशील. अडल्यावर तुला काय होतं तेच बघायचंय. तिसऱ्या दिवशी बाबांना घेऊन त्या तीन-चार गावांपैकी एका गावात जा आणि एखादी नवी, न बांधलेली विहीर लांबून, नीट उभं राहून बघ. वरची माती, मुरूम, मग पाषाण, मधेच गेरूसारखा लाल पट्टा दिसतो का? मालकाला विचार, पाणी कुठल्या थरातून येतं. मग ओढा ओलांडून पलीकडची विहीर बघ. कशात मजा आली हे लिहू नकोस, मजा सगळ्यातच येते. कशात कंटाळा आला तरी उठली नाहीस, ते लिही.

पैशाचंही बोलायला हवं. त्याशिवाय सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या बैलावर नांगरट. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची आणि तिच्यावर थेट नोकरी मिळू शकते. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून प्रवेश घेतलास, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असशील, तर २०२४-२५ पासून मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. होस्टेल आणि मेस मात्र त्यात येत नाही.

जिऑलॉजीची, म्हणजे भूगर्भशास्त्राची, वाट लांबची आहे. बी.एस्सी.वर फार काही हाती लागत नाही, एम.एस्सी. करावीच लागते. विषय मोजक्याच कॉलेजांत आहे. पुण्यात फर्ग्युसनला आहे, मुंबईत झेवियर्सला आहे. बी.एस्सी.नंतर जॅम ही परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एम.एस्सी.ला जाता येतं. जॅममध्ये जिऑलॉजीचा आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचाही पेपर असतो. पुढे यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे. तिच्यातून १८५१ पासून चालत आलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात माणसं घेतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. जागा थोड्या, जाहिराती अनियमित, वाट बघावी लागते, महाराष्ट्राबाहेर जावं लागतं. घरी पाच-सहा वर्षं दम धरण्याइतकी सोय आहे का, हे तुला माहीत, मला नाही. बाबांशी हे मोकळेपणाने बोल, फीच्या आकड्यासकट.

बी.एस्सी.ला गेलीस तर एक सोय आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय घेता येतात आणि त्यातला मेजर म्हणजे मुख्य विषय कुठला, मायनर म्हणजे जोडविषय कुठला हे दुसऱ्या वर्षी ठरवता येतं. म्हणजे जिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही घेऊन वर्षभर दोघांची हमाली चाखता येते. विषयांच्या जोड्या प्रत्येक कॉलेजात वेगळ्या असतात, फोन न करता प्रत्यक्ष जाऊन विचार. इंजिनिअरिंगला मात्र 'पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून घेऊ' या भरवशावर शाखा घेऊ नकोस. जागा रिकामी असली आणि नंबर लागला तरच ते होतं.

तर माझं मत. घरी दम धरण्यासारखं असेल तर जिऑलॉजी आणि जोडीला स्टॅटिस्टिक्स. नसेल तर सिव्हिल सगळ्यात वर. त्यात पाण्याचा अभ्यास आहे, माती-खडकाचा आहे आणि पुढे गेट ही परीक्षा देऊन जलसंपदा विषयात एम.टेक. करता येतं. तिच्याखाली इलेक्ट्रिकल. बाबांचं 'आपल्याला कळतं' हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही, घरात विषयाची भाषा बोलली जाणं हे भांडवलच आहे. कॉम्प्युटर फक्त तेव्हाच, जेव्हा त्या दहा ओळींच्या प्रोग्रामवर अडल्यावर तू जेवायला उठली नसशील. तसं झालं तर माझं सगळं बाजूला ठेव आणि मामांचं ऐक. पण 'कॉलेज कुठलंही चालेल' एवढं मात्र ऐकू नकोस. त्यांच्या कंपनीतली माणसं कॅम्पसला कुठल्या कॉलेजांत जातात, ते त्यांनाच विचार. त्या यादीत 'कुठलंही' नाही असं आढळेल. कॉलेज बघायला जाशील तेव्हा प्रवेशद्वारावरचं फ्लेक्स वाचू नकोस. लॅबमध्ये जा, यंत्रांवरची धूळ बघ आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठून विचार की अर्धी प्रॅक्टिकल्स खरंच होतात की जर्नल उतरवून काम भागतं.

ऑप्शन फॉर्म भरताना मागच्या वर्षीच्या कटऑफच्या उतरंडीने कॉलेजं लिहू नकोस. यंत्रणा तुझी यादी वरून खाली वाचते आणि तुझ्या गुणक्रमाला जे पहिलं बसेल ते देते. न मिळणारं वर लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती पक्की धरतात, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून एक नंबरला तेच लिही, जे मिळालं तर रात्री शांत झोप लागेल.

चार वर्षं वाया जाण्याची भीती मला कळते. माझं एक वर्ष गेलं, अजून हिशेबात धरतो. प्रशांतचंद्र महालनोबिस केंब्रिजला फिजिक्स शिकले. परतीच्या बोटीवर वाचायला संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकाचे अंक होते, ते वाचत आले. पुढे १९३१ मध्ये त्यांनी कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था काढली, आणि त्यांच्या जन्मदिवशी, २९ जूनला, आपण संख्याशास्त्र दिन पाळतो. त्यांचं फिजिक्स वाया गेलं असं कोणी म्हणत नाही. अर्थात ते महालनोबिस होते आणि बोटीवर निवांत वेळ होता, हेही खरं. तुला एवढंच सांगतो की चुकलंच तर पहिल्या सेमिस्टरमध्येच तोंड उघड. मी वर्षभर जीटी मारत बसलो.

आणि ती ओढ्यापलीकडची वस्ती. तिथे खडक वेगळा असेल, ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल, पिकं वेगळी असतील, काहीही असेल. पण नकाशा काढायला बसायच्या आधी बाबांना एक विचारून घे, ते लोक मोटारी दुसऱ्या दुकानात तर नेत नाहीत ना? काय म्हणाले ते कळव.